पाठीवरचे ओझे आणि पाण्याचे वजन

डोंगरवाटांची आवड असलेली मंडळी एकत्र जमली म्हणजे गप्पांच्या ओघात एक प्रश्न हटकून निघतो. पैशाची अडचणच नसती, तर पाठीवरच्या पिशवीत काय काय असते? प्रश्न करमणुकीचा आहे. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो तितकाच उद्बोधक आहे. साधने अपुरी असताना निवड कशी करावी याचा विचार म्हणजे अर्थशास्त्र. येथे तर प्रश्नकर्त्याने अपुरेपणाच बाजूला सारला आहे. आता माणूस काय मागतो, आणि मागितलेले सर्व मिळाल्यावरही कोणती अडचण उरते, हे पाहण्याजोगे आहे.

मागणीची यादी ठरलेली असते. शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी विकसित झालेल्या कापडाचा, दोघांना पुरेल असा अर्ध्या किलोच्या आसपासचा तंबू. हंसाच्या पिसांनी भरलेले पांघरूण, टिटॅनियमचे भांडे, कार्बन तंतूंच्या काठ्या. पाऊस आत येऊ न देणारा, पण घामाची वाफ बाहेर सोडणारा अंगरखा. संकटात थेट उपग्रहामार्फत संदेश धाडणारे यंत्रही यादीत असते. मात्र भारतात ते सरकारी परवानगीवाचून बाळगता येत नाही, म्हणजे तेथे पैसाही लंगडा पडतो. या यादीतील प्रत्येक वस्तूचा गुण एकच, तो म्हणजे हलकेपणा. श्रीमंतीचे स्वप्न एरवी अधिक वस्तूंचे असते. डोंगरावरच्या श्रीमंतीचे स्वप्न कमी वजनाचे आहे.

या हलकेपणाची किंमत मांडून पाहावी. दोन किलोंचा बरा तंबू आठ-दहा हजार रुपयांत मिळतो. अर्ध्या किलोच्या तंबूला पन्नास हजारांच्या वर मोजावे लागतात. म्हणजे दीड किलो वजन वाचविण्यासाठी चाळीस हजार रुपये, ग्रॅममागे सुमारे २७ रुपये. आरंभीचे वजन स्वस्तात उतरते. शेवटचे काही ग्रॅम उतरविताना खिसा रिकामा होतो.

पैसा आणि पाठ

तथापि पैशाची मर्यादा काढून टाकली तरी पाठीची मर्यादा राहतेच. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेने ती वेगळ्या रीतीने ओलांडली. त्या मोहिमेचे सामान वाहून नेण्यासाठी साडेतीनशेहून अधिक हमाल लावण्यात आले होते. ओझे कमी झाले नव्हते, ते दुसऱ्याच्या पाठीवर गेले होते. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, कॅलिफोर्नियात डिक केल्टी याने ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या पाठपिशव्या विकण्यास आरंभ केला. कमरपट्ट्याची जोड मिळाल्यावर अशा पिशवीचा भार खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर आला, आणि सामान्य माणूस स्वतःचे ओझे स्वतः वाहून दूर जाऊ लागला. ही सुधारणा खरोखरच मोठी होती.

याउलट उदाहरणही त्याच देशातले आहे. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई अमेरिकेतील ॲपलाशियन डोंगरवाट, तीन हजारांहून अधिक किलोमीटर, एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली जाड्याभरड्या कापडाची पिशवी, पायांत साधे कापडी बूट, पांघरायला लष्करी कांबळे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढ्यावर त्यांचे भागले. आपल्याकडचा वारकरी पडशी आणि घोंगडी घेऊन, आणि भातलावणी करणारी बाई डोक्यावर इरले घेऊन जे करीत आली, त्याच जातीचे हे शहाणपण होते.

सह्याद्रीत तर या स्वप्नातील यादीचा बराचसा भाग निरुपयोगी ठरतो. पिसांचे पांघरूण ओले झाले की त्याची ऊब जाते, आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या पावसाळ्यात कोरडे राहणे कठीण. उन्हाळ्यात पांघरुणाची फारशी गरजच पडत नाही. त्या दिवसांत जीवधन, चावंड किंवा हडसर चढणाऱ्याच्या पिशवीत सर्वांत जड वस्तू असते ती पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. दिवसाला तीन-चार लिटर पाणी घेतले, की चाळीस हजार रुपये मोजून वाचविलेले दीड किलो वजन केव्हाच भरून निघते. जगातल्या कोणत्याही कारखान्यात पाणी हलके करून मिळत नाही. स्वप्नातील यादी येथे येऊन थांबते.

प्राचीनांनी काढलेला तोडगा

या अडचणीवरचा तोडगा जुन्नरच्या परिसरात दोन हजार वर्षांपूर्वीच निघालेला आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर येणारा व्यापार नाणेघाटाने चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध लेख आहे, आणि तेथला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता अशी परंपरागत समजूत आहे. जकातीइतकेच महत्त्व घाटालगत खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांना आणि विसाव्याच्या लेण्याला दिले पाहिजे. वाटेवर पाणी असले म्हणजे वाटसरूला ते पाठीवर वाहावे लागत नाही; वाटेवर निवारा असला म्हणजे तंबू लागत नाही. त्या काळी ओझे कमी केले ते वाटेने.

हे काम एकट्या राजसत्तेने केले असेही नाही. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेख आहेत, आणि इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याची नोंद आहे. परदेशातून आलेल्या या माणसाने आपले नाव चिरंतन करण्यासाठी पाण्याची दोन टाकी निवडली. त्याने खर्च केलेल्या धनाने असंख्य अनोळखी माणसांच्या पाठी हलक्या झाल्या असतील. पुढे किल्ल्यांनीही हीच परंपरा चालविली. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी आणि चावंडवरचा सात टाक्यांचा समूह आजही पाहता येतो.

खाजगी उपभोगाची वस्तू आणि सार्वजनिक सोय यांतील फरक यापेक्षा स्पष्ट क्वचितच दिसेल. पन्नास हजारांचा तंबू एकाची पाठ हलकी करतो, तीही दीड किलोने. गाळ काढून स्वच्छ ठेवलेले टाके त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाची पाठ त्याहून अधिक हलकी करते, आणि तेही गरीब-श्रीमंत न पाहता.

डोक्यावरचे ओझे

हा विचार हौशी प्रवाशापाशी थांबविता येत नाही. ज्या वाटांवर तो आठवड्याच्या सुटीत ओझे वाहतो, त्याच वाटांवर महादेव कोळी समाजातील बाई रोज ओझे वाहते. जळणाची मोळी, बाळहिरड्याचे पोते आणि मुख्यतः पाण्याचा हंडा. पंधरा लिटरच्या हंड्याचे पाणीच पंधरा किलो भरते. भांड्याचे वजन निराळे. केल्टीचा कमरपट्टा तिच्यापर्यंत पोहोचलेला नाही. तिचे साधन म्हणजे कापडाची चुंबळ.

येथला विरोधाभास सर्वपरिचित आहे. पावसाळ्यात या पट्ट्यात धो धो पाऊस कोसळतो. पण काळ्या कठीण खडकावरून आणि उभ्या उतारांवरून तो वाहून जातो. घोड नदीवर डिंभे आणि कुकडीवर माणिकडोह ही धरणे उभी राहिली. डिंभ्याच्या जलाशयात तर ज्यावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावच बुडाले. कुकडी प्रकल्पाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत जाते. धरणांच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर मात्र उन्हाळ्यात झरे आटतात. धरण उशाला आणि कोरड घशाला!

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होते, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. इतके पाणी डोक्यावरून आणणे अशक्यच. म्हणून जेथे नळ आटतो तेथे गरजच आखडती घेतली जाते. या घरात पैशाची अडचण नसती तर काय मागितले गेले असते, याचे उत्तर एका ओळीत मावणारे आहे. उन्हाळ्यातही दाराशी पाणी.

बाजारात गरजेला किंमत नसते, किंमत असते ती खरेदीची ताकद पाठीशी असलेल्या मागणीला. म्हणूनच हौसेचे ओझे ग्रॅमाग्रॅमाने कमी करण्यासाठी संशोधक राबतात, आणि हंडा जिथल्या तिथे राहतो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये नव्वद लिटर पाणी जमिनीवरून लोटत नेणारा पिंप तयार झाला; पण तो सपाटीच्या मुलखाचा. घाटाच्या पायऱ्यांवर तो लोटता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की स्वतःच्या पैशाने कोणी हलका तंबू घेतला तर कोणाचे काय गेले? काहीच गेले नाही. हलक्या सामानामुळे उतारवयातली, गुडघे दुखणारी माणसेही डोंगर चढू शकतात, आणि आज महाग असलेली वस्तू उद्या स्वस्त होऊ शकते. कपाळावर बांधायची विजेची बत्ती अशीच आता अल्प किमतीत मिळते. पण पाण्याच्या बाबतीत असे खाली झिरपणे संभवत नाही, कारण त्याचे वजनच कमी होत नाही. अंतरच कमी केले पाहिजे, आणि ते काम बाजार स्वतःहून करीत नाही.

तेव्हा नाणेघाट, जीवधन, आहुपे या वाटांवर येणाऱ्या प्रवाशांकडून माफक शुल्क घ्यावे. त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे उघडा ठेवावा, आणि ती रक्कम केवळ पाण्यावर खर्च करावी. वाड्यांजवळ पावसाचे पाणी साठविणाऱ्या टाक्या, झऱ्यांची राखण, आणि पुरातत्त्वतज्ज्ञांच्या देखरेखीखाली जुन्या टाक्यांतील गाळाचा उपसा, एवढी तीन कामे आरंभाला पुरेत. प्रवाशांच्या शुल्कातून नळयोजना उभी राहणार नाही, ती जबाबदारी शासनाचीच. पण चैत्र-वैशाखातले काही हंडे तरी त्यामुळे निश्चित उतरतील. घाटमाथ्यावरच्या रांजणात जकात पडत होती असे मानले, तर तिचा काही अंश वाटेवरच्या पाण्याकडे वळला पाहिजे, ही अपेक्षा त्या रांजणाच्या सान्निध्यात तरी कोणाला नवी वाटू नये.