माळवदाच्या घराला नवी खोली काढताना

पाडव्याच्या सुमारास साखर कारखान्यांचे पट्टे पडले की आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावाकडे परततात. सहा महिने कुलपात असलेली घरे उघडली जातात, माळवदावर नवी माती पडते आणि हाती चार पैसे उरले असतील तर एक विषय हमखास निघतो. एक खोली काढायची. थोरल्याचे लग्न ठरलेले असते, किंवा घरात माणसे वाढलेली असतात. मृग निघण्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून घाई असते. अशा घाईत गवंडी म्हणतो, "तीनच भिंती घालू. चौथी आपली जुनी आहेच की."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकून मीही मान डोलावली होती. २००४ च्या उन्हाळ्यात गावाकडच्या आमच्या घराला आम्ही भावांनी अशीच खोली काढली. जुन्या दगडी भिंतीत खाचा पाडून नव्या विटा त्यात गुंतवल्या, स्लॅबचे एक टोक त्याच भिंतीवर टेकवले. दिसायला काम झकास झाले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोडाच्या जागी जोत्यापासून छतापर्यंत बोट जाईल एवढी चीर पडली. सिमेंटने बुजवली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. नंतर जुन्या भिंतीला पोट सुटले, तेव्हा आईने आपले अंथरूण तिथून हलवले. मातीवर परीक्षा देऊन कृषी पदवी घेतलेला मी, आणि माझ्याच घराखालची माती मी विचारात घेतली नव्हती!

काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला रानात ठाऊक असतो. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, पावसात ती फुगून भेगा मिटतात. घराखालीही हेच चालते. जुने घर पन्नास-साठ वर्षांत बसायचे तेवढे बसलेले असते. नवा पाया पहिल्या काही पावसाळ्यांत बसतो. एक स्थिर आणि दुसरे हलते, अशी दोन बांधकामे एकमेकांत गुंतवली की चीर पडणारच. म्हणून नवी खोली दिसायला जुन्या घराची असावी, पण उभी स्वतःच्या पायावर असावी. चौथी भिंत नवीच घालावी आणि दोन्ही भिंतींत इंचभर फट सोडावी. बारा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड भिंतीला साधारण बारा-तेराशे विटा लागतात. खर्च आहे, नाही म्हणत नाही. आम्ही तो वाचवला आणि पाच वर्षांनी खोली उतरवून पुन्हा बांधली.

पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा. बालाघाटावर, पाटोदा-धारूरकडे तो बहुधा लवकर लागतो. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या भारी जमिनीत मात्र तो खोल असतो. तिथे अंदाजाने खोदू नये, पंचायत समितीच्या अभियंत्याला खड्डा दाखवावा. घराभोवती तीन फूट रुंद फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करावा. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नये. परसातल्या केळीला ते हवेच असते.

आता त्याहून गंभीर गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात जवळजवळ आठ हजार माणसे गेली. घरे आपल्यासारखीच होती. जाड दगडी भिंती, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती आणि डबर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही. भिंती उकलल्या. वरून मातीचे ओझे आले. एक फूट जाड मातीचे वजन चौरस फुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेचार टन झाले. आपण तर दरवर्षी नवी माती टाकतो, जुनी उतरवत नाही. मात्र जिथे छत लाकडी खांब-तुळयांवर होते, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खण उभे राहिले.

याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. नव्या खोलीत जायला दार पाडताना जुना खांब किंवा तुळई कापू नका. असलेल्या दाराचा किंवा खिडकीचा उपयोग करा, आणि पाडण्याआधी वरच्या भाराला टेकू द्या. नवी भिंत दगडी असेल तर उंचीत दर दोन फुटांनी आणि लांबीत दर चार फुटांनी एक आरपार दगड घाला. दारांच्या वरच्या पातळीवर दोन गज घातलेली तीन-चार इंच जाड काँक्रीटची पट्टी चारही भिंतींवर सलग फिरवा. त्याच मजुरांकडून जुन्या माळवदावरची जादा मातीही उतरवून घ्या.

फट ठेवायची म्हटल्यावर आई म्हणाली होती, "आरं, त्यात इंचू व्हतील की." तिचे खरे होते. म्हणून फटीच्या तोंडांना बारीक जाळी आणि वरून पत्र्याची पट्टी लावावी. पट्टी फक्त नव्या भिंतीत ठोकावी, जुन्या बाजूला मोकळी राहू द्यावी. नाहीतर पहिल्याच वर्षी ती उपटून निघते. स्लॅबचे पाणी माळवदावर कधीही सोडू नये. माळवद पाण्याने मरते. उतार उलट बाजूला देऊन पाईप थेट जमिनीपर्यंत आणावा.

घर एकजीव दिसण्यासाठी फार काही लागत नाही. जोत्याची उंची जुन्याइतकीच ठेवावी, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ठेच लागत नाही. अंगणाकडच्या बाजूला जुन्या वळचणीचे, पडक्या गोठ्याचे दगड वापरावेत. दोन्हींसमोरून एकच ओसरी काढली की नवे-जुने ओळखू येत नाही. तिचे छत मात्र हलके आणि स्वतःच्या खांबांवर असावे. आणि कृपा करून नव्याशी रंग जुळावा म्हणून जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. भुसा घालून मळलेल्या मातीचा गिलावा आणि वर चुना, दोन्ही भागांना तोच चुना, हे पुष्कळ.

स्लॅबवरही पांढरा चुना द्यावा आणि छतालगत झरोके ठेवावेत, थोडा तरी उष्मा कमी होतो. तरी माळवदाचा गारवा येत नाही हे मान्य करावे. आमच्या घरी नव्या खोलीत सून-मुलगा झोपतात. वैशाखात आईची वाकळ अजून माळवदाखालीच असते.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की जोडाच्या जागी आतून हात फिरवून पाहा. ओल लागली तर पट्टी त्याच आठवड्यात दुरुस्त करा. ऊसतोडीला निघताना तर एकदा वर चढून पाईपचे तोंड तपासाच. मागे सहा महिने पाहायला कोणी नसते.