समुद्रावर तार ओढता येत नाही

रोह्यापासून दक्षिणेस ठोकूरपर्यंत जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग संपूर्ण विद्युतीकरणानंतर जून 2022 मध्ये राष्ट्रार्पित झाला आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या स्थानकांवरील डिझेल इंजिनांची सद्दी ओसरली. परंतु त्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांतून निघणाऱ्या ट्रॉलरच्या पोटातील यंत्र अद्याप डिझेलच पिते, आणि याचे कारण गाबीत मच्छीमारांची जुन्याची ओढ हे नसून निव्वळ पदार्थविज्ञान हे आहे. रेल्वेला शक्ती वाटेवरच्या तारेतून मिळते. नौकेला ती बरोबर वाहून न्यावी लागते.

शंभर लिटर डिझेलचे वजन साधारण 84 किलो. त्यातील सुमारे हजार युनिट उष्णतेपैकी इंजिन पस्तीस टक्क्यांच्या आसपासच पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचवते, आणि विजेची मोटर नव्वद टक्क्यांपर्यंत काम देते, हे मान्य केले तरी तेवढ्याच श्रमासाठी अडीच टनांच्या घरात बॅटरी लागेल. शिवाय डिझेल जळत जाते तशी नौका हलकी होते, ही सवलत बॅटरी देत नाही, आणि तिच्या भाराइतका बर्फ वा मासळी किनाऱ्यावरच राहते.

हायड्रोजन वजनाला डिझेलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा देतो, पण सातशे वातावरणांच्या दाबाखाली कोंडला तरी लिटरमागे डिझेलचा सातवा-आठवा हिस्साच हाती येतो. पुण्याच्या केपीआयटीच्या सहकार्याने कोचीन शिपयार्डने बांधलेली हायड्रोजन नौका 2024 मध्ये काशीच्या गंगेसाठी रवाना झाली हे कौतुकास्पद खरेच. मात्र नदीला काठ जवळ असतो. इथेनॉलची गोष्ट याहून थोडक्यात आटोपते. त्यात पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी, आणि पाणी शोषण्याची खोड जन्मजात; पुरेसे पाणी शिरले की मिश्रण फाटून पाणीमिश्रित थर टाकीच्या तळाशी बसतो, तेव्हा छोट्या होडीच्या आउटबोर्ड यंत्राला असले पेट्रोल पाजणाऱ्याने टाकी कोरडी राखण्याची तजवीज आधी करावी.

राहता राहिले किनाऱ्यावरचेच उंडीचे झाड, ज्याच्या बियांच्या कडू तेलावर कोकणात पूर्वी दिवे जळत. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर इतके सुरळीत चालवले, की थोड्याच लोकांच्या ते ध्यानी आले, असे खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे नमूद केले. तेव्हा वनस्पतितेल ही या यंत्राला परकी वस्तू नव्हे. उंडीच्या वाळल्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते. परंतु ते दाट आणि आम्लयुक्त असल्याने प्रथम त्यातील आम्ल घालवून मग मिथेनॉलच्या संस्काराने त्याचे बायोडिझेल करावे लागते, आणि विखुरलेल्या झाडांखालच्या बिया वेचण्याची मजुरी धरली म्हणजे जमाखर्च जुळवणे जिकिरीचे होते. डिझेलमध्ये अल्प प्रमाणात मिसळण्यापुरता मात्र मला हाच मार्ग ट्रॉलरला सर्वांत जवळचा वाटतो, कारण जुने इंजिन काढून टाकण्याचा प्रसंग त्यात येत नाही.

विजेसाठी योग्य जागा मालवणच्या धक्क्यासमोरच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर प्रवासी नेणाऱ्या होड्यांची फेरी आखूड, ठरलेली, आणि प्रत्येक वेळी धक्क्याला परतणारी. केरळात वायकम येथे 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर नौका जानेवारी 2017 पासून याच तऱ्हेच्या फेऱ्यांसाठी पाण्यात आहे. येथे त्याखेरीज खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या जोडण्या आणि धक्क्यावर खात्रीचा वीजपुरवठा, एवढी सोय करावी लागेल.