फिरते घर कोणत्या गाडीने ओढावे?

विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना वाटेल, की हा हौशी माणसांचा प्रश्न आहे; आपल्याला त्याच्याशी काय करावयाचे? चाकांवरचे घर घ्यावे, ते पिकअपच्या मागे जोडावे आणि चार दिवस रानाच्या कडेला जाऊन राहावे, ही कल्पना अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात जुनी झाली. आपल्याकडे ती आता कोठे मूळ धरू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, त्यात मागे जोडून ओढावयाच्या घरांचाही विचार केलेला आहे. पेंचचे जंगल आणि चिखलदरा ही ठिकाणे तर नागपूरकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यातली. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी काहींच्या दारात उभा राहणार. ज्यांना असे घर कधीच घ्यावयाचे नाही, त्यांनाही रस्ता मात्र त्याच गाडीबरोबर वाटून घ्यावा लागेल. आणि चुकीच्या निवडीची किंमत पुष्कळदा समोरून येणारा देतो.

गाडी निवडताना पहिला प्रश्न हटकून असा विचारला जातो, की हिचे इंजिन किती अश्वशक्तीचे? विक्रेताही त्याच आकड्यावर भर देतो. आमचे म्हणणे असे, की हा प्रश्न शेवटी विचारावा. ओढणारी गाडी ओढण्याच्या बळावर निवडावयाची नसते. पाठीवर पेलण्याच्या आणि उतारावर आवरण्याच्या बळावर निवडावयाची असते.

कोराडीच्या लोकांना हे समजणे अवघड नाही. येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन संच त्यात भर पडले. असल्या केंद्रांना लागणारे ट्रान्सफॉर्मर आणि जनित्राचे अवजड भाग अनेक आसांच्या लांबच लांब ट्रेलरवरून, माणसाच्या चालीने आणावे लागतात. त्या ट्रेलरला ओढणाऱ्या गाडीला रस्त्यावरची माणसे पुलर म्हणतात. या पुलरच्या स्वतःच्या पाठीवरही पुष्कळदा मुद्दाम वजन ठेवलेले असते. ज्याला आधीच एवढे ओझे ओढावयाचे, त्याच्या पाठीवर आणखी ओझे कशाला? कारण उघड आहे. चाकांनी रस्ता घट्ट धरला तरच इंजिनाचे बळ उपयोगी पडते, आणि चाकांनी रस्ता धरावा यासाठी त्यांच्यावर भार हवा. नाही तर चाके जागच्या जागी फिरत राहतात. फार मोठे ओझे असले, की दुसरा पुलर मागेही जोडतात. चढावर तो रेटतो, आणि उतारावर ओझे मागे धरून ठेवतो. ज्यांचा धंदाच ओढण्याचा, ते आवरण्याची सोय आधी करतात, हा यातला धडा.

आता हिशेब करून पाहू. समजा, पिकअप, तिच्यातली माणसे, सामान आणि मागचे घर मिळून सहा टन वजन झाले. पंधरा मीटरला एक मीटर अशा चढावर ताशी तीस किलोमीटर वेगाने हे सर्व न्यावयाचे, तर चाकांपाशी सुमारे पन्नास अश्वशक्ती पुरते. आजच्या बहुतेक डिझेल पिकअप याहून पुष्कळ अधिक बळाच्या असतात. म्हणजे चढणे ही मोठी अडचण नव्हे. गाडी हळू चढेल इतकेच.

परंतु चढलेली गाडी उतरावीही लागते. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे सातशे मीटर उंच आहे. सहा टनांची जोडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती कोठे तरी जिरवावी लागते; आणि ती एवढी असते, की तिच्यावर नळाचे सुमारे १३० लिटर पाणी उकळीला आणता येईल. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते, काही इंजिन रोखून धरते. बाकीची सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. ब्रेक असे तापले, की पायाखालचा पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम येथेही पाळावा. मोठ्या डिझेल गाड्यांना धुराची वाट अडवून इंजिनाकरवी वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. निवड करताना तो आहे की नाही, हे दहा-वीस अश्वशक्तींच्या फरकापेक्षा अधिक महत्त्वाचे मानावे.

मागच्या घराला स्वतःचे ब्रेक हवेत, हेही यावरून ठरते. ऑस्ट्रेलियात टोयोटा हायलक्सच्या चारही चाकांवर चालणाऱ्या पिकअपला ३५०० किलोपर्यंतची ब्रेक असलेली गाडी ओढण्याची मुभा आहे. मागच्या गाडीला ब्रेक नसतील, तर ही मर्यादा एकदम ७५० किलोवर येते. इंजिन तेच, चाके तीच, रस्ता तोच. फरक केवळ ब्रेकचा. हे ब्रेक दोन तऱ्हांचे असतात. एकात पुढची गाडी मंदावली की मागची गाडी जोडणीवर रेटते, आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. दुसऱ्यात ते विजेने लागतात, आणि त्यांची कळ चालकाच्या हाताशी असते. मोठ्या घराला दुसरी तऱ्हा बरी. जोडणी निसटलीच तर मागची गाडी आपोआप थांबावी अशी दोरी, आणि शिवाय साखळ्या, या असल्याच पाहिजेत.

येथवर आवरण्याचे झाले. आता पेलण्याचे. हे समजण्यासाठी आपली बंडी डोळ्यांपुढे आणावी. बंडीत माल मागे जास्त भरला, की पुढचे जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. याला आपल्याकडे उलाळ म्हणतात. माल फार पुढे भरला, तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. शहाणा धुरकरी भार आसाच्या किंचित पुढे ठेवतो. जू जरासे दाबलेले राहील, इतकाच. मोटारीच्या मागे जोडलेल्या घराचेही शास्त्र हेच आहे. अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे घराच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर असावा. तो कमी पडला, म्हणजे घर उलाळ झाले, की वेग वाढताच ते शेपटासारखे डावी-उजवीकडे झोके खाऊ लागते आणि शेवटी पुढच्या गाडीलाही फिरवून टाकते. झोके सुरू झाले तर पुढच्या गाडीचे ब्रेक जोराने दाबू नयेत आणि सुकाणू उलटसुलट फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, आणि मागच्या घराचे ब्रेक हाताने हळूच लावावेत.

पण जोडणीवरचा हा भार कोण पेलतो? पिकअपची पाठ. निवडीतली सर्वांत मोठी फसगत येथेच होते. समजा, भरलेले घर २५०० किलोचे आहे. त्याचे बारा टक्के म्हणजे ३०० किलो जोडणीवर आले. पिकअप पाठीवर ५०० किलो पेलू शकते असे धरू. तिच्यात पाच माणसे बसली, त्यांचे ३५० किलो. एकूण ६५० झाले. म्हणजे एक पिशवीही न ठेवता गाडी दीडशे किलोंनी जड झाली. ओढण्याची मर्यादा ३५०० किलो आहे, ही जाहिरात खोटी नव्हे. पण तिच्या आधी दुसरी मर्यादा ओलांडली गेली, हे जाहिरात सांगत नाही. मागचा भार असा वाढला, की पिकअपचे नाक वर उठते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू ऐकेनासे होते, आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

म्हणूनच अमेरिकेत मोठ्या घरांसाठी जड जातीच्या पिकअप घेतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा विचार करावा लागतो. तेथे पिकअपना अर्ध्या टनाची, पाऊण टनाची, एक टनाची अशी जुनी नावे आहेत. फोर्ड कंपनीची एफ-२५० ही पाऊण टनाची आणि एफ-३५० ही एक टनाची. ही नावे आता नावापुरतीच उरली आहेत; प्रत्यक्षात या गाड्या त्याहून पुष्कळ अधिक पेलतात. मोठ्या घराची जोडणी पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर घेतात. त्यात झोके कमी बसतात, परंतु भार पंधरा ते पंचवीस टक्के येतो. समजा, पाच टनांचे घर वीस टक्के भार टाकते. म्हणजे १००० किलो. गाडीची पेलण्याची मर्यादा १३०० किलोंची असली आणि चार माणसे २८० किलोंची असली, तर हिशेबाला उरतात वीस किलो. जोडणीचे लोखंडच त्याहून जड असते. अशा वेळी पाऊण टनाच्या गाडीचे अधिक बळाचे इंजिन घेऊन काही साधत नाही. मागे दुहेरी चाकांची एक टनाचीच गाडी घ्यावी लागते, नाही तर घर लहान करावे लागते.

आपल्या देशात सर्रास मिळणाऱ्या पिकअप त्या जातीच्या नव्हेत. तेव्हा आपण उलट बाजूने चालावे. आधी घर ठरवावे, तेही रिकामे नव्हे. पाण्याची टाकी, गॅस, अंथरुणे, भांडी, धान्य यांसह भरलेले. पाण्याचा प्रत्येक लिटर एक किलोचा असतो. शंभर लिटरची टाकी म्हणजे दीड माणूस. त्या वजनावरून गाडी पाहावी, आणि गाडी मिळत नसेल तर घर हलके करावे.

हा हिशेब प्रत्यक्ष ताडून पाहण्याचे साधन कोळशाच्या या मुलखात सर्वत्र आहे: ट्रकचा वजनकाटा. माणसे आणि सामान भरून प्रथम नुसती पिकअप काट्यावर घ्यावी. मग घर जोडून, पण फक्त पिकअपची चाके काट्यावर ठेवून दुसरे वजन करावे. दोहोंतला फरक म्हणजे जोडणीवरचा भार. तिसऱ्यांदा सगळी जोडी काट्यावर चढवावी. हे तीन आकडे नोंदणी पुस्तकातील आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादांशी ताडून पाहावेत. ट्रेलरलाही स्वतंत्र नोंदणी लागते. ते काम परिवहन कार्यालयात आधी करावे, घर विकत घेतल्यावर नव्हे. एकूण वजनाची पर्वा रस्त्यालाही असते. कोराडीवरून जाणारा सावनेर-बैतूलचा रस्ता पुढे जेथे सुखतव्याला नदी ओलांडतो, तेथील जुना पूल एप्रिल २०२२ मध्ये शंभराहून अधिक चाकांच्या एका ट्रेलरखाली कोसळला. आपले घर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण लहान गावरस्त्यावरची मोरीही आपल्या मापाचीच असते.

नागपुरी हवामानाच्या दोन गोष्टी शेवटी सांगावयाच्या. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा इंजिन, गिअरचे तेल आणि टायर तिन्ही आधीच तापलेले असतात. मर्यादेच्या काठावर भरलेली गाडी तेव्हा मर्यादेबाहेर गेली असे समजावे. पावसाळ्यात काळ्या मातीत रस्ता सोडून उतरू नये. चारही चाकांची ओढ असलेली गाडीसुद्धा तेथे आसापर्यंत रुतते.

घर घेणारा कर्ता माणूस आयुष्यभराची पुंजी खर्च करून मुलाबाळांना त्यात बसवतो. त्याने अश्वशक्तीचा आकडा पाहून खूश होण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ही गाडी पाठीवर किती पेलते, आणि भर उतारावर किती आवरते? या दोहोंची उत्तरे समाधानकारक असली, तर ओढण्यापुरते बळ तिच्यात बहुधा असतेच.