वनस्पतिजन्य प्लास्टिकचे वेष्टन व अल्प उत्पादन : डिंभे परिसराच्या संदर्भात

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या वरच्या अंगास, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, हिरडा हे महादेव कोळी समाजाच्या उपजीविकेचे एक जुने साधन आहे. वाळविलेला हिरडा व्यापाऱ्यास घाऊक देण्याऐवजी त्याची पूड करून ती शेदोनशे पुड्यांच्या लहान खेपांनी विकावयाची झाल्यास वेष्टनाचा प्रश्न प्रथम उभा राहतो. रानातील मालास वनस्पतिजन्य व विघटनशील वेष्टन असावे ही इच्छा स्वाभाविक होय. परंतु ही दोन विशेषणे समानार्थी नाहीत, व हा भेद न जाणता केलेली खरेदी माल आणि पैसा या दोहोंची हानी करते.

पहिले विशेषण पदार्थाचे मूळ सांगते, दुसरे त्याचा शेवट. उसापासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून पॉलिएथिलीन तयार करता येते. ते वनस्पतिजन्य असूनही खनिज तेलापासून केलेल्या पॉलिएथिलीनप्रमाणेच न कुजता राहते. उलट, खनिज तेलापासून बनविलेली काही बहुवारिके सूक्ष्मजंतू पचवू शकतात. पॉलिलॅक्टिक अम्लात मात्र दोन्ही गुण आढळतात. शर्करेच्या किण्वनाने लॅक्टिक अम्ल मिळते व त्याच्या रेणूंची साखळी जोडून हे बहुवारिक सिद्ध होते. पुणे जिल्ह्यातच, जेजुरी येथे, प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जैव-बहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले आहे.

तथापि हा विघटनाचा गुण सापेक्ष आहे. आय.एस./आय.एस.ओ. १७०८८ या मानकानुसार, नियंत्रित खतप्रक्रियेत सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानास १८० दिवसांच्या आत पदार्थातील किमान ९० टक्के सेंद्रिय कार्बनाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. असे तापमान मोठ्या खतप्रकल्पात टिकते. परसातील उकिरड्यात अथवा धरणाच्या पाण्यात ते टिकत नाही. म्हणून अशी पिशवी रानात टाकली असता ती लवकर नाहीशी होईल, ही अपेक्षा व्यर्थ होय.

दुसरी अडचण ओलाव्याची. पॉलिएथिलीनच्या तुलनेने या पापुद्र्यातून पाण्याची वाफ पुष्कळ अधिक प्रमाणात आरपार जाते. सह्याद्रीच्या पावसाळ्यात भरून ठेवलेली पूड त्यामुळे ओल धरते, तिचे गठ्ठे होतात व पुढे बुरशीही येते. शिवाय उष्णता व दमटपणा यांनी हा पापुद्रा स्वतःही हळूहळू ठिसूळ बनतो. तेव्हा स्वस्त पडते म्हणून वर्षभराच्या पिशव्या एकदम घेऊन ठेवणे हितावह नाही.

खरेदीच्या दृष्टीने पाहता, पिशवीवर थेट छपाई करावयाची तर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो व त्याचा खर्च हजारो पिशव्यांवर विभागला तरच परवडतो. अल्प उत्पादकाने कोऱ्या, ठराविक मापाच्या पिशव्या घेऊन त्यांवर कागदी चिठ्ठी लावावी, किंवा चार-पाच गटांनी मिळून एक मागणी नोंदवावी. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार खत होऊ शकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या उत्पादकास किंवा विक्रेत्यास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागून घ्यावा व तो पडताळून पाहावा. केवळ ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दावर भिस्त ठेवू नये. माल खाद्य असल्यास, वेष्टनातील द्रव्ये मालात किती उतरतात याच्या चाचणीचा अहवालही मागावा.

यावरून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. अखंड वाळलेल्या हिरड्यास कापडी किंवा कागदी पिशवी पुरेशी आहे. तेथे प्लास्टिकचे प्रयोजनच नाही. पूड थोडक्या दिवसांत खपणारी असेल व ग्राहकाच्या गावी खतप्रकल्पाची सोय असेल, तर प्रमाणित पॉलिलॅक्टिक पिशवी योग्य ठरते. ती महिनोन्‌महिने टिकवावयाची असेल, तर घट्ट झाकणाची काचेची बरणी अधिक भरवशाची. वेष्टनाचे मूळ शेतात असले, तरी त्याची योग्यता माल किती दिवस राखावयाचा आणि रिकामी पिशवी अखेर कोठे जाणार, या दोन गोष्टींवरूनच ठरवावी लागते.