वाडा विकणे आहे

इंग्लंडातल्या खेड्यातलं जुनं शेतघर विकायला निघालं, की जाहिरातीत आधी त्याचं वय येतं. सतराव्या शतकातलं घर, ओकच्या मूळ तुळया शाबूत, शेगडीची जागा होती तशी, मागे धान्याचं कोठार. आपल्याकडे वय कुणी लिहीत नाही. लिहिलंच, तर गिऱ्हाईक तेवढ्यासाठीच भाव पाडून मागतं.

बँकेच्या नोकरीत तारणाचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. मूल्यांकनाच्या अहवालात 'इमारतीचे उर्वरित आयुष्य' असा रकाना असायचा. माती-लाकडाच्या घरापुढे तिथे फारसं काही उरत नसे. घसारा वजा जाता वाड्याची किंमत म्हणजे खालच्या जागेची किंमत!

अंबडचंच घ्या. गाव आता नाशिक महापालिकेत आहे. शेतं एमआयडीसीत आणि सिडकोत गेली, नांगराच्या जागी कारखान्यांच्या पाळ्या आल्या. गावठाणातल्या एका शेतकरी कुटुंबाचा वाडा सध्या विकायचा आहे. ओळखीतून कागद बघायला म्हणून गेलो होतो. दिंडीदरवाजा, आत चौक, ओसरी, सागवानी खांब, वर कडीपाट. भिंती हातभर जाड, त्यांत देवळ्या. भर दुपारी आत पाऊल टाकलं की अंग निवतं. गोठ्यात मात्र आता मोटारसायकली उभ्या असतात.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते जुन्या लाकडाचं. त्याने खांब मोजले, तुळयांवर टिचक्या मारल्या आणि घराकडे न बघता लाकडाचा भाव सांगितला. वाड्यात ज्या खांबाला मोल नाही, तोच एखाद्या हॉटेलच्या दारात उभा राहिला की 'अँटिक' होतो. दुसरं गिऱ्हाईक बिल्डरचं. त्याला वाडा पाडून हवा होता, म्हणजे पाडायचा खर्चही मालकाच्याच माथी.

इंग्रज आपल्यापेक्षा भावुक आहेत, असं नव्हे. तिथे 1947 च्या नगररचना कायद्याने जुन्या इमारतींची यादी करायची पद्धत बसवली. 1700 पूर्वीचं घर बऱ्याच अंशी मूळ रूपात उरलं असेल, तर ते यादीत येतंच. मग घराच्या रूपाला बाध येईल असा बदल परवानगीवाचून केला, तर गुन्हा. डागडुजी मालकाच्या खिशातून. बिअॅट्रिक्स पॉटर या मुलांच्या लेखिकेने 1905 साली 'हिल टॉप' नावाचं असंच शेतघर घेतलं. 1943 साली ती गेली, तेव्हा चौदा शेतं आणि चार हजार एकरांवर जमीन नॅशनल ट्रस्टला ठेवून गेली. अर्थात अशी घरं आज शहरातले पैसेवाले घेतात आणि गावातल्या तरुणाला ती परवडत नाहीत, ही त्याचीच दुसरी बाजू.

आपल्याकडे वारसा म्हटलं की किल्ला, देऊळ, लेणी. अंबडजवळची पांडवलेणी पुरातत्त्व खात्याने जपली आहेत, ते योग्यच. पण त्या डोंगराच्या आसपास ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, त्यांचं एखादं घर जपावं, असं कुणाला सुचत नाही.

या वाड्याचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलंय. वारस दोन भाऊ आणि तीन बहिणी. भावांनी हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं होतं. दोघी धाकट्यांनी चोळी-लुगड्यावर सही दिली. थोरली सत्तरीची, तिने दिली नाही. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली कायद्यात आला, हे तिला नातवाने वाचून दाखवलं होतं.

"आक्का, तुला काय कमी आहे?" धाकटा म्हणाला.

"कमी काही नाही रे. लग्न होईस्तोवर दर आठवड्याला ही जमीन मी सारवली. पांढरी माती डोक्यावर आणून धाब्यावर टाकली. त्याचा काही भाव धरलाय का?"

कुणी बोललं नाही. रजिस्ट्रारकडची तारीख पुढे ढकलली आहे. लाकडाचा व्यापारी मधूनमधून फोन करतो. वळवाच्या आत धाब्यावर माती टाकायला हवी, असं आक्का म्हणते. मजुरी कुणी द्यायची यावर दोघा भावांचं अजून एकमत झालेलं नाही.