ठिपक्याला रस्ता कोण सांगतं?

पावभाजी मागवली की घरात सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती कोण? जिच्या हातात फोन आहे ती! "चौकात पोचला... अगं आई, हा भलतीकडेच वळला... थांबला... निघाला, निघाला!" अशी कॉमेंट्री सुरू होते. पडद्यावर टीचभर स्कूटर सरकत असते आणि इकडे पोटात कावळे कोकलत असतात.

ही स्कूटर कुठे आहे ते कंपनीला कसं कळतं, असं घरातल्या मोठ्यांना विचारून बघा. बरेच जण वर बोट दाखवून सांगतील, "उपग्रहाला दिसतं ना सगळं!"

छे हो! जीपीएसचे उपग्रह तुमच्या पावभाजीकडे बघत नसतात. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून ते सारखं एकच पालुपद लावून असतात. 'मी अमुक उपग्रह, मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता एवढे वाजलेत.' बस्स, एवढंच. ऐकणारा एक असो की एक अब्ज, त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

सगळी डोकेफोड करतो तो फोन. संदेश कधी निघाला आणि कधी पोचला यातला फरक तो काढतो. रेडिओलहर सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावते, त्यामुळे हा फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. त्यावरून त्या उपग्रहाचं अंतर कळतं. अशी तीन अंतरं मिळाली की जागा सापडायला हवी. तरी फोन चौथा उपग्रह शोधतोच. का? कारण फोनमधलं घड्याळ साधं, स्वस्तातलं. ते किती चुकतंय ते पकडायला चौथा लागतो. आणि इथे चूक परवडतच नाही. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी गफलत झाली, तरी अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणजे पावभाजी थेट पलीकडच्या गल्लीत!

म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं बसवलेली असतात. त्यांची तर आणखीच गंमत. वर गेल्यावर ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज 38 मायक्रोसेकंद पुढे जातात! बिघाड नव्हे हा. पृथ्वीपासून दूर गुरुत्वाकर्षण कमी, तिथे काळ किंचित भरभर चालतो. त्यामुळे घड्याळ 45 मायक्रोसेकंद पुढे जातं. पण उपग्रह सुसाट धावतोय, आणि धावत्या घड्याळाचा काळ किंचित मंदावतो. त्यामुळे ते 7 मागे पडतं. उरले 38. आइन्स्टाइनने हे सगळं कागदावर मांडलं, तेव्हा जीपीएसचा पहिला उपग्रह उडायला साठहून जास्त वर्षं होती. हा हिशेब धरला नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त घोटाळा होईल. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित मंद करून पाठवतात.

जीपीएस उभारलं अमेरिकेच्या सैन्याने. सामान्य लोकांना मिळणारा संदेश ते पूर्वी मुद्दाम बिघडवून ठेवत. जागा 100 मीटरपर्यंत चुकायची. ही खोडी मे 2000 मध्ये बंद झाली. नाहीतर टॅक्सी एका रस्त्यावर आणि प्रवासी दुसऱ्याच, असा धंदा कोण करणार? आता रशिया, युरोप, चीन यांचेही असे उपग्रह आहेत. आपल्या इस्रोचं 'नाविक' आहेच.

तर फोनला जागा कळली. कंपनीला कोण सांगतं? चहाडी करतो तोही फोनच! दर काही सेकंदांनी तो मोबाइल नेटवर्कवरून आपली जागा कळवत राहतो. मग मधल्या वेळात पडद्यावरची स्कूटर सरकते कशी? ती ॲपची चलाखी. दोन जागांमधला प्रवास ॲप स्वतःच रंगवून दाखवतं. म्हणूनच कधी कधी स्कूटर टुणकन उडी मारते. उड्डाणपूल आला की मग तर विचारूच नका. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक, बिचारी नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे ते ॲपलाही धड कळत नाही. (आणि भर पावसात ती स्कूटर चालवणारा दादा किती भिजलाय, हे कुठल्याच नकाशावर येत नाही.)

आता दादरला चला. तुम्ही स्टेशनबाहेर पश्चिमेला उभे आहात. सगळ्यांत जवळची टॅक्सी दोनशे-तीनशे मीटरवर, पण ती पूर्वेला! मध्ये रुळच रूळ. पुलावरून वळसा घालून येईपर्यंत लांबची टॅक्सी आधी पोचायची. म्हणून नुसते मीटर मोजून कंपन्यांचं भागत नाही, त्यांना मिनिटं मोजावी लागतात. मिनिटं मोजायची तर रस्त्यावर गर्दी किती ते हवं. आणि ते कळतं रस्त्यावरच्या इतर फोनांच्या वेगावरून. 2020 साली बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने याचीच फिरकी घेतली. एका लाल हातगाडीत त्याने 99 जुने फोन भरले आणि ती मोकळ्या रस्त्यांवरून रमतगमत ओढत नेली. गूगल मॅप्सला वाटलं, केवढी ही वाहतूक कोंडी! नकाशावर ते रस्ते लालभडक झाले.

ट्रकांवर तर फोनऐवजी जीपीएसची वेगळी डबीच बसवतात. मालक नकाशावर गोदामाभोवती एक अदृश्य कुंपण आखून ठेवतो. ट्रक त्यात शिरला की मालकाच्या फोनवर 'टिंग!' हमालांना आयत्या वेळी हाका मारायला नकोत. ड्रायव्हरकाकांना मात्र ही डबी फारशी आवडत नसावी. चहाला थांबलं की लगेच विचारणा!

आता एक प्रयोग. गाडीने गावाला निघालात की घरच्यांना विचारून फोनवर आधीच नकाशा उतरवून घ्या आणि प्रवासात फोन विमान मोडवर टाका. बहुतेक फोनांवर निळा ठिपका तरीही तुमच्याबरोबर सरकत राहील. फोनचं बोलणं बंद झालं, तरी ऐकणं चालू आहे ना! ट्रकवरची डबीही तशीच. कसारा घाटात नेटवर्क गेलं, की ड्रायव्हरकाकांना वाटतं, सुटलो! पण डबी गुपचूप सगळ्या जागा लिहून ठेवते आणि नेटवर्क आलं की सगळं एकदम पाठवून देते, घाटातल्या चहासकट.