एक चिकू? जा, नको मला!

दोस्ता, एक खेळ खेळूया?

तुझ्या मित्राला दहा चिकू मिळालेत. आपल्या डहाणू-घोलवडचे, साखरेसारखे गोड! वाटणी तो करणार. तू फक्त 'हो' किंवा 'नको' म्हणायचं. 'नको' म्हटलंस, की सगळे चिकू परत टोपलीत. दोघांचेही हात रिकामे!

त्याने नऊ स्वतःकडे ओढले. तुझ्यापुढे एक सरकवला. आता?

हिशोब म्हणतो, घे की! शून्यापेक्षा एक बरा. पण 1982 साली जर्मनीत संशोधकांनी खरे पैसे देऊन हा खेळ खेळवला, आणि ओळख काय झालं! काहीजणांनी चक्क हातातले पैसे सोडले!

अरे, पण डहाणू-तलासरीच्या मुलखात असंच काहीसं खरोखर घडलंय. चिकूंवरून नाही, गवतावरून!

साल 1945. वारली माणसं जमीनदाराकडे राबायची, पुष्कळदा फुकट. त्याला म्हणायचे वेठ. गोदावरी आणि शामराव परुळेकर या कार्यकर्त्यांनी त्यांना एकत्र आणलं. 23 मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले. ठरलं, वेठ बंद!

पावसाळा सरला. गवत वाढलं. वारल्यांची मागणी होती, पाचशे पौंड गवत कापलं की अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलो! तुझ्या वर्गातली सात-आठ मुलं एका काट्यावर चढव, तेवढं!

भाव मिळेना. मग विळे घरातच राहिले. मजुरी नाही, तर चुलीवर काय चढणार? पण तिकडे जमीनदाराचं गवतही उभ्या उभ्या वाळणार! 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तरी कुणी विळा उचलला नाही. शेवटी भाव मिळालाच!

मग हा चांगुलपणा, की नुसता राग?

'नको' म्हणणं म्हणजे एक प्रकारे शिक्षाच. झुरिकच्या संशोधकांनी 2004 साली खेळातल्या लबाडाला शिक्षा करणाऱ्यांचे मेंदू तपासले. बक्षीस मिळणार म्हटलं की मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच जागा झाला! म्हणजे शिक्षा करताना मजा वाटते की काय? वर 2012 साली जपानी संशोधकांना दिसलं, की 'नको' म्हणणारे इतर खेळांत काही जास्त उदार नव्हते.

चिकू नाकारलास तर मी म्हणेन, रागावलास! पण गवताचा भाव तर शेजारच्या पाड्यालाही हवा होता. तिथे मला राग आणि चांगुलपणा दोन्ही दिसतं, वरणभातासारखं कालवलेलं.

थांब, नियम बदलू. आता 'नको' म्हटलंस तरी मित्राचे नऊ त्याचेच. जाणार फक्त तुझा एक. आणि तुझा नकार त्याला कळणारही नाही!

आता कोण 'नको' म्हणेल? जपानमध्ये हाही खेळ खेळले. तरी काहीजण म्हणालेच, "नको!"